दिवा, दांडी आणि पिशवीतले नारळ

आधी माफी मागतो. फोटोच्या दिव्याचा स्टँड कसा निवडावा, यावर लिहिण्याइतका माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. मला लिहिता येतं असं फक्त आईला वाटतं. तरी लिहितो, कारण या विषयातले जाणकार म्हणवणारे कधी हळदीला गेले नसावेत अशी माझी खात्री झाली आहे.

माजिवड्याच्या एका स्टुडिओला लग्नांच्या कामासाठी शनिवार-रविवारचा असिस्टंट हवा होता. मी आणि वर्गातला एक मित्र भेटायला गेलो. मालकांना आम्ही सर म्हणत होतो. सर म्हणाले, "स्टँड आणि बूम आर्म स्वतःचा पाहिजे. एका हळदीचे फोटो काढून आणा, मग बघू." बूम आर्म म्हणजे स्टँडच्या माथ्यावरची आडवी दांडी. तिच्या पुढच्या टोकाला दिवा लावतात. तो माणसांच्या डोक्यावर येतो आणि स्टँड बाजूला राहतो.

बाबा कल्याणजवळ मोहन्याला वायरिंगची कामं करतात. माझ्या कॅमेऱ्याला ते खेळणं म्हणतात. हे काम मिळालं असतं तर घरातून तो शब्द गेला असता. मला तेवढंच हवं होतं.

मी व्हिडिओ बघायला बसलो. सगळे तज्ज्ञ रिकाम्या खोलीत, गुळगुळीत फरशीवर स्टँड उघडतात आणि एका बोटावर उचलून दाखवतात. केवढा हलका! त्या खोलीत कोणी नाचत नाही, पायांमधून पोरं पळत नाहीत. हलकेपणाच बघायचा तर उदबत्तीचं घर काय वाईट आहे?

मित्राबरोबर ठाण्यातल्या दुकानात गेलो, तर तिथला दुकानदारही त्यांचाच भाऊ. "कार्बनचा घे, पिसासारखा आहे."

मी भीत भीत विचारलं, "दांडीवर दिवा लावल्यावर पडणार नाही ना?"

"पडेल कसा? मागच्या टोकाला ही वाळूची पिशवी अडकवायची."

पिशवी रिकामी होती. "आणि वाळू?"

"ती तुझी तू भर."

म्हणजे हलका म्हणून विकायचा, त्याला उभं राहायला वजन वेगळं विकायचं, आणि ते वजनही रिकामं! मित्राने तोच घेतला. मी जाड पायांचा स्टीलचा स्टँड उचलला. दुकानदार म्हणाला, "मंडप बांधायला नेतोस काय?"

टिटवाळ्याला मामेबहिणीची हळद होती. वाळू कुठली आणणार? मामाकडे नारळांचा ढीग होता, तेच पिशवीत भरले. स्टँडचा एक पाय बरोबर दांडीखाली येईल असा ठेवला. हे कुठल्याच तज्ज्ञाने सांगितलं नव्हतं. डीजे सुरू झाला, नाचणारे येऊन आपटले, पण स्टँड ढिम्म.

मग मामी आली आणि पिशवीतून नारळ काढू लागली.

"मामी, नको! ते वजन आहे."

"नारळ काय दिव्याला टांगायला आणलेत? ओटी कशाने भरू?"

"अगं, दिवा खाली येईल."

"मग तू लटक तिथे. एवढं शिकलास, नारळाइतकं वजन तरी आलं असेल की!"

बायका खो खो हसल्या. त्यानंतर ज्यांना नारळ लागला त्या सगळ्या त्याच पिशवीकडे आल्या. दिवा उतरत उतरत नवरीच्या नाकासमोर आला.

"काय रे, इंटरव्ह्यू घेतोयस का माझा?" ती म्हणाली.

शेवटी एका हाताने दांडीचं मागचं टोक ओढून धरलं आणि दुसऱ्या हाताने फोटो काढले. ते चांगले आले. हे मीच म्हणतोय, पण खरंच चांगले आले.

मित्र हळदीला गेलाच नाही. त्याने सोसायटीच्या हॉलमध्ये बहिणीला पिवळी साडी नेसवली आणि गालावर टिकलीएवढी हळद लावली. सरांनी त्याचे फोटो बघून मान डोलावली, "क्लीन काम आहे." माझे बघून म्हणाले, "गर्दी फार आहे रे." हळदीत गर्दी! सरांच्या मते नवरी बहुधा एकटीच हळद लावून घेते.

नंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. रोज घरी गेलो की बाबा नुसते माझ्याकडे बघायचे आणि मी पाणी प्यायला वळायचो. एका दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये सरांचा मेसेज आला. मित्राला घेतलं होतं. खाली आणखी एक ओळ होती : "शनिवारी कल्याणला हळद आहे, डीजेपण आहे. मित्राने सांगितलं तो तुझा जड स्टँड एक दिवस मिळेल का?"