भट्टीच्या आधी पोहोचायचं : कोयत्यांच्या पोलादासाठी शिरूर ते पाटस

पाबळला आमचं कोयते-विळे बनवायचं छोटं दुकान आहे. घडवायचं काम चुलत्यांचं, म्हणजे आप्पांचं; माल आणायचं माझं. मागच्या हंगामात हवा तो माल मिळेना म्हणून मी साधं लोखंड आणलं आणि ऊसतोडीच्या टोळीने अर्धे कोयते वाकलेले परत आणून टाकले. तरी यंदा त्याच टोळीने पुन्हा चाळीस सांगितले. आप्पा एवढंच म्हणाले, "या बारीला वाकलं तर टोळी पुन्ना यायची न्हाई. बघ बाबा."

दिवाळी झाली आणि मी गाडीला किक मारली.

चांगला कोयता ट्रकच्या जुन्या पाट्याचा होतो. पाटा म्हणजे चाकावरच्या कमानीतली पोलादी पट्टी. धार धरते, वाकत नाही. सोबत छोटा ग्राइंडर, टेप, खडू आणि हव्या त्या तुकड्याच्या मापाचा पुठ्ठा घेतला. कान्हूरपर्यंत दोनदा थांबून पिशवी तपासली. सगळं जागेवर होतं.

पाबळ, कान्हूर, मलठण, शिरूर असा रस्ता. मलठणपर्यंत खड्डे आहेत, घाई करू नका. शिरूरला स्टँडजवळ सत्तर रुपयांत मिसळ मिळाली, रस्सा दुसऱ्यांदा न मागता वाढला. मग भंगारवाल्याकडे गेलो. ढीग असायचा तिथे नुसती काळी जमीन.

"पाटं? परवा यायचं व्हतं," तो हसत म्हणाला. "सगळी गाडी भट्टीला गेली."

"सगळीच?"

"मग काय, तुझ्यासाठी फुलं वाहून ठिवू व्हय?"

चहा मात्र त्याने पाजला आणि समजावूनही सांगितलं. आपल्याकडच्या बांधकामाच्या बऱ्याचशा सळया भंगार वितळवून होतात. घरं, पूल, रस्ते वाढले की भट्ट्यांची भूक वाढते आणि भंगारवाला निवडत बसत नाही, भरतो आणि पाठवतो. पूर्वी आप्पा ढिगावर बसून एकेक पाटा निवडायचे. आता ढीग चार दिवससुद्धा टिकत नाही. पोलाद जास्त बनतंय म्हणूनच आमच्यासारख्याला चांगलं पोलाद मिळत नाही, हे मला त्या चहावर पहिल्यांदा कळलं.

न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये भीमेचा पूल. पुलावर थांबलो, पण नदी बघण्याऐवजी मनात वाकलेले कोयतेच मोजत बसलो. मुक्काम वरवंडला मावशीकडे. तिने पिठलं-भाकरी वाढली आणि "तोंड का पाडलंय, लगीन मोडलं का?" असं विचारून घेतलं.

सकाळी सातला पाटसला पोहोचलो. हायवेलगतच्या भंगाराच्या आवारात पाटे होते, पण रामबाबू नावाचा कामगार गॅसकटरने त्यांचे तुकडे करत होता. तुकडे दीड वितीचे. आम्हाला पुऱ्या दोन विती लागतात, कारण गॅसने जळालेली कड आप्पा छाटून टाकतात. तरी एका तुकड्यावर ग्राइंडर लावून पाहिला. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटत होत्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या नुसत्या लांब रेघा मारतात. माल अस्सल होता, फक्त आखूड.

"मामा, थोडे न कापता द्या ना," मी मालकांना म्हणालो.

"आख्खं भट्टीवाला घेत न्हाई. अन् तुझं निवडून झाल्यावर उरल्यालं पुन्ना कोण कापणार?"

रामबाबूने चष्मा वर केला. "भैया, तुमको कितना लंबा चाहिए?"

मी पुठ्ठा पाट्यावर ठेवला. त्या पाट्याचे तो चार तुकडे करायचा. माझ्या मापाने तीन होत होते.

"मामा, भट्टीवाल्याला एवढा चालतो का?"

"हातभर असला तरी चालतोय की. चार करायची नुसती सवय हाय."

"तो पहले बोलना था ना!" रामबाबू म्हणाला. "तीन करूँगा तो मेरा एक कट बचेगा."

"आन् माझा गॅस," मामा म्हणाले. "मार खडूनं खुणा!"

तासाभरात पंचेचाळीस तुकडे निघाले. प्रत्येकाची ठिणगी पाहिली. मामा म्हणाले, "पोरगी बघायला आलायस का लोखंड?" भंगाराच्या भावावर किलोमागे चार रुपये जास्त दिले. आख्ख्या पाट्यांना टेम्पो लागला असता, हे तुकडे दोन पोत्यांत गाडीवर मावले. तुम्ही जाणार असाल तर सकाळीच जा, माप सोबत न्या आणि कापायच्या आधी बोला. मी फोन नंबरही घेतला. पुढच्या वेळी भट्टीची गाडी भरायच्या दोन दिवस आधी मामा कळवणार आहेत.

घरी आप्पांनी पहिला तुकडा तापवला, ठोकला, धार कडक व्हायला पाणी दिलं. लगेच दुसरा भट्टीत घातला. आख्खा पाटाच हवा, हा आमचा हट्ट होता, गरज नव्हती. प्रवासातून मी हेच घरी आणलं.

आठवड्याने टोळी आली. मागच्या वर्षी सगळ्यात जास्त बोललेल्या कांताबाईंनी कोयता उचलला आणि दुकानामागच्या बाभळीची मनगटाएवढी फांदी एका घावात उतरवली. पातं डोळ्यासमोर धरून पाहिलं. सरळ होतं.

"हा माझा," त्या म्हणाल्या.

"आन् मालकांना कोणता देऊ?" मी विचारलं.

कांताबाईंनी शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "त्यांला गेल्या सालचा वाकल्यालाच ऱ्हाऊ दे. त्यांचं काम तेवढंच हाय."