जोरकाकूंचा वचपा

"मेलो! अहो मेलो! सोडा हो काकू, पाया पडतो!"

ही आरोळी अण्णांची. ती इतकी खणखणीत होती की भाट्याच्या किनाऱ्यावरचे बगळे उडाले ते थेट नाटे गावाला जाऊन बसले, आणि जयगडच्या खाडीत एका तांडेलाने भोंगा समजून होडी बाजूला घेतली. मी काही तिथे जाऊन बघितलं नाही, पण मी खोटं बोलत नाही हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक आहे.

"पाया नंतर पडा," जोरकाकू म्हणाल्या. "आधी खुर्चीवरून उठा, हात न टेकता. हां. आता बसा. नारळ पडल्यासारखे धप्पकन नाही, सावकाश!"

जोरकाकूंच्या अंगणात आम्ही पंधरा-वीस बायका पदर खोचून उभ्या होतो. एरवी दांड्या मारणाऱ्यासुद्धा त्या दिवशी झाडून हजर, काहीजणी तर ठेवणीतली साडी नेसून. भाट्याची हौसा माशांची पाटी खाली ठेवून ओरडली, "काकू, अजून दहा द्या त्यांना! गेल्या साली माझ्या सुरमईला वास येतो म्हणाले होते!"

जोरकाकूंचे यजमान व्यायामशाळेत वस्ताद होते, पण काकूंचे दंड काही तालमीत झालेले नव्हते. ते सासूने केले. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि मग कित्येक वर्षं काकूंनी त्यांना उचललं, वळवलं, न्हाऊ घातलं. सासूबाई गेल्या तेव्हा काकूंचा दंड माझ्या मांडीएवढा होता, आणि माझी मांडी म्हणजे चेष्टा नव्हे. काकू म्हणायच्या, "त्यांना उचलायला मी होते. मला उचलायला कोण? मीच." त्याच दिवसापासून त्या जोर काढायला लागल्या. त्या जोर काढायच्या तेव्हा शेजारच्या घरातली भांडी मांडणीवरून खाली यायची, असं शेजारीणच सांगते.

अठ्ठ्याण्णव साली त्यांनी आम्हा चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांची बॅच काढली. मी कोर्टात कारकून, माझे गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरत. "म्हातारपण केसांतून येत नाही, मांड्यांतून येतं," काकू म्हणाल्या. "आणि हाडाला काम दिलं नाहीत तर ते राजीनामा देतं." सकाळी व्यायामशाळा रिकामीच असायची. तिचे अध्यक्ष अण्णा, आंब्याच्या बागांचे मालक. त्यांनी आधी हो म्हटलं. मग तालमीतली पोरं कुरकुरली, तसे अण्णा एका सकाळी भर वर्गात आले आणि गरजले, "ही तालीम आहे, पांजरपोळ नाही! भाकड म्हशी बांधायच्या तर गोठा बघा!" आमचं सामान त्यांनी गटाराच्या कडेला टाकलं. त्यात वस्तादांच्या लाकडी मुद्गलांची जोडीही होती.

काकूंनी दोन्ही मुद्गल पदराने पुसले, दोन खांद्यांवर दोन घेतले आणि घरी चालत गेल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे मी देवावर सोडणार नाही. देवाला बाकीची कामं आहेत."

लोक कलमं जोपासतात, तसा त्यांनी तो राग जोपासला. रोज पाणी, वेळच्या वेळी खत. अंगणात जांभ्याचे चिरे आणून मांडले, आणि प्रत्येक चिऱ्याचं नाव ठेवलं अण्णा. "बायांनो, अण्णाला उचला! पाठ ताठ. छातीशी घ्या. आता टाका!" असा दणका बसायचा की बास. आमची ताकद दुपटीने वाढली ती खुराकामुळे नव्हे. सगळ्यात हौसेने अण्णाला उचलायच्या त्या अण्णांच्याच बायको, वहिनी. त्या घरी भजनाला जाते सांगून यायच्या.

फक्त पावसाळा आमचा वैरी. अंगणातला झावळ्यांचा मांडव चहाच्या गाळणीसारखा गळायचा. चार महिने वर्ग बंद, आणि आठ महिन्यांत कमावलेलं सगळं आषाढ-श्रावणात धुऊन जायचं. एका पावसाळ्यात आमच्यातल्या एकजणीने अंथरूण धरलं, ती पुन्हा चिऱ्याजवळ आलीच नाही. त्या दिवसापासून काकूंना एकच गोष्ट हवी होती. व्यायामशाळेचं दार. आणि ते अण्णांच्याच हातून.

मग शेवाळाने आमची बाजू घेतली. अण्णा विहिरीच्या वाटेवर घसरले, पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा आत पायाऐवजी शेवग्याची शेंग निघाली. एका सकाळी ते न्हाणीघरात खाली बसले ते उठेचनात. वहिनी आत गेल्या, पाठ ताठ ठेवली, अण्णांना छातीशी घेतलं आणि खाटेवर आणून ठेवलं.

अण्णा बघतच राहिले. "अगो, एवढं बळ आलं कुठून तुला?"

"भजनातून," वहिनी म्हणाल्या. आम्हाला मात्र म्हणाल्या, "चिऱ्यापेक्षा हलके निघाले गो!"

डॉक्टरांनी सांगितलं, पायात ताकद आणा, नाहीतर आयुष्यभर खाट. व्यायामशाळेतल्या पोरांनी हात वर केले. म्हाताऱ्या माणसाची जोखीम कोण घेणार? अण्णांनी काकूंना घरी बोलावणं धाडलं. काकूंचा उलटा निरोप गेला: "माझी बॅच बायकांची आहे. बायकांत बसायची लाज नसेल तर या."

आले. रिक्षातून, वहिनींच्या खांद्यावर हात टाकून. आणि मग ती आरोळी.

काकूंनी त्यांना एकही व्यायाम चुकीचा दिला नाही, हे मुद्दाम सांगते. सूड असा शिस्तीत घेतलेला मी दुसरा पाहिला नाही. अण्णांचे पाय सुधारत होते आणि अण्णा दिवसेंदिवस जास्त ओरडत होते. मृगाचा पाऊस लागला तरी त्यांचा व्यायाम काकूंनी थांबवला नाही. आम्हाला कोरड्या कोपऱ्यात घेतलं आणि अण्णांची खुर्ची बरोबर गळतीखाली मांडली. टकलावर टप, टप, टप. अण्णा उठतात, बसतात, शिंकतात. चौथ्या दिवशी त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे धरली. "घ्या ती तालीम. घ्या एकदाची."

काकूंनी हातसुद्धा पुढे केला नाही. "मला नको. तुम्हीच उघडा. पायऱ्या आहेत तिथे."

भर पावसात वरात निघाली. पुढे अण्णा, मागे आम्ही. पायऱ्या जेमतेम दहा, पण एखाद्याने रत्नदुर्ग चढावा तेवढा वेळ लागला. कोणीही त्यांना हात दिला नाही, वहिनींनीसुद्धा नाही. कुलूप निघालं. काकू आत गेल्या, खांद्यांवरून आणलेले मुद्गल त्यांच्या जुन्या जागी टेकवले आणि मागे वळून म्हणाल्या, "या, म्हशींनो."

पुढे सात-आठ वर्षं ती बॅच एकही पावसाळा न चुकवता चालली. मग काकूंना पोटातलं दुखणं लागलं. त्यांना कुशीवर वळवायला आम्ही आळीपाळीने जायचो. हात कमी पडले नाहीत, उलट भांडणंच व्हायची, माझी पाळी की तुझी. खाटेवरूनही त्या आमच्या पाठी ताठ करून घ्यायच्या.

शेवटच्या दिवसांत एकदा अण्णा आले. काठीशिवाय, घरापासून चालत. सावकाश खुर्चीवर बसले. मग उठले, हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही आलं.

"काकू, तुमच्यामुळे चालतोय मी. माझं तेव्हाचं बोलणं... आता तरी राग गेला ना?"

काकूंनी त्यांच्या पायांकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि उठताना हात टेकलात तुम्ही."