समोरच्या दाताची शेड

अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये मला वादात गप्प करणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे आमचे दाताचे डॉक्टर. डोंगरीहून रिकाम्या हाताने येऊन मी काशीमीऱ्याला टाइल्सचं दुकान उभं केलं, ते तोंडाच्या जोरावर. माझ्याशी घासाघीस करून उठलेला टाइल कंपनीचा माणूस आधी पाणी मागायचा. पण डॉक्टर पहिल्यांदा तोंडात कापूस कोंबायचे आणि मग विचारायचे, "बोला शेठ, काय तक्रार?" मी नुसतं "आ आ" करायचो. "काही नाही ना? छान," म्हणून ते मोकळे.

माणसाला पांढऱ्या रंगाचं वेड. बूट पांढरे, स्कूटर पांढरी, चहासुद्धा दुधाळ. भाजी मार्केटात कोणी हसलं, की हा डॉक्टरांचा पेशंट हे लांबूनच कळायचं. टाइल्सचा खोका उतरवताना माझा समोरचा दात तुटला, तेव्हा त्यावर त्यांनी कॅप बसवली ती वॉशबेसिनसारखी पांढरीफेक. शेजारचे दात मात्र वीस वर्षांच्या चहाचे. गिऱ्हाइकं माझ्याशी न बोलता त्या दाताशी बोलू लागली. भाव सांगून झाल्यावर मोकळं हसायचं, ही माझी धंद्याची रीत. ती बंद पडली. मी ओठ मिटून भाव सांगायचो आणि लोक "शेठ, रागावलात का?" विचारून समोरच्या दुकानात जायचे.

फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "फोनवरून दात दिसत नाही, या." शेवटी एका दुपारी मी दोन टाइल्स घेऊन गेलो, एक हस्तिदंती आणि एक पांढरीशुभ्र. खुर्चीत बसायच्या आधीच त्या त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या.

"डॉक्टर, या हस्तिदंती भिंतीत ही पांढरी टाइल तुम्ही लावाल?"

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पाहिलं. "नाही लावणार. असं झालं तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"सांगतो, अख्खी भिंत बदला."

"मग माझंही तेच म्हणणं. उरलेले सगळे बदलू," असं म्हणत त्यांनी कापसाचा डबा जवळ ओढला.

मी भडकलो. "भिंत माझ्या बापाने दिलेली आहे, एका दाताला कीड नाही. टाइल तुमची आहे, ती काढा."

त्यांनी कापसाचा डबा मागे सारला. रविवारी बंद दवाखाना माझ्यासाठी उघडला, मला खिडकीत स्टुलावर बसवलं आणि शेडचा एकेक नमुना माझ्या दातांशी धरून तासभर न्याहाळत राहिले. पंधरा दिवसांनी नवी कॅप आली, चहाच्या किंचित डागासकट. "आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम मळका दात केलाय," ते छाती काढून म्हणाले. "कोणाला सांगू नका." मी अख्ख्या काशीमीऱ्याला हसून दाखवला.

पुढे डॉक्टर मुलाकडे पुण्याला राहायला गेले. आता माझे दात आणखी पिवळे झालेत आणि तो एकटा पुन्हा उजळ दिसतो. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरबाई फार चांगल्या आहेत. तोंडात काही न घालता सगळं ऐकून घेतात, वर "बदलून देते" म्हणतात. मी म्हणतो, असू दे. ही तक्रार मला आमच्या जुन्या डॉक्टरांकडेच करायची आहे.