कलहरीसाठी ठेवलेलं प्रस्थान

हैदराबादच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. सालभर, फार तर दीड साल नजर टिकेल, म्हणाले. सेलूला घरी आल्यावर मी पदर तोंडाला लावून बसले, आणि आमच्या ह्यांनी पाणीसुद्धा न पिता नकाशा मागितला.

"कुठला नकाशा?"

"आफ्रिकेचा. ट्रंकंत हाय बघ. रडायला पुढं लय येळ हाय."

मला वाटलं, डोळ्यांच्या आधी डोकं गेलं. पण त्यामागे दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट होती. हे सेलूच्या जिनिंगमध्ये मेकॅनिक होते. तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याचा भाऊ आफ्रिकेत, बुलावायोला दुकान चालवायचा. त्याच्या दोन लॉऱ्या कायम आजारी. त्यानं लिहिलं होतं, चांगला मिस्त्री पाठवा, बोटीचा खर्च माझा. तीन महिने गाड्या दुरुस्त करा, मग धाकटी लॉरी घ्या आणि कलहरीचं वाळवंट, हत्ती, सिंह, काय पाहायचं ते स्वतः चालवत पाहून या. सोबत नकाशा आणि एक फोटो होता. लॉरीच्या बॉनेटपुढून हत्तींचा कळप रस्ता ओलांडत होता. ते पत्र ह्यांनी हसून ट्रंकेत टाकलं होतं. आता तेच पत्र घेऊन बसले.

तिकीट एकाचंच होतं, त्यामुळे मी जाणार नव्हते. तरी सगळी आखणी माझ्याच गळ्यात पडली, कारण बारीक अक्षर ह्यांना दिसेना आणि रेल्वेतल्या बापाची लेक म्हणून मला इंग्रजी वाचता यायचं. दुपारच्या लख्ख उजेडात ओसरीवर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर ह्यांच्या पेटीतले लोखंडी पाने ठेवायचे, मी गावं वाचायची आणि ह्यांनी सुतळीनं अंतर मोजायचं. आगबोटीनं बैरा बंदर, तिथून रेल्वेनं बुलावायो, मग लॉरीनं पश्चिमेला. शेवटच्या गावापुढं नकाशावर नुसता पिवळा रंग होता.

"हितं काय लिहिलंय?"

"काही न्हाई."

"मंग हितं पाणी दुप्पट."

मी वहीत लिहायची. माणसाला रोज एक घागर, गाडीला दोन. दोन जादा टायर, फावडं, चाकाखाली टाकायला गोणपाट. तिकडे आपल्या पावसाळ्यात थंडी असते आणि पाणी आटतं, उरलेल्या डबक्यांवर जनावरं गोळा होतात, असं त्या भावानं कळवलं होतं. म्हणजे आषाढात वाळवंटात असायला हवं, आणि त्याआधी तीन महिने काम. होळीच्या आत बोट धरली तरच हिशेब जमत होता. त्याच्या पुढचा आषाढ ह्यांच्या नजरेला मिळणार नव्हता.

"मी बघून येतो," हे म्हणायचे. "मंग जल्मभर तुला सांगत बसीन. दुसरं काय काम राहणार हाय मला?"

मला त्या बोलण्याचा इतका संताप यायचा की मी वही मिटून आत जायची. आत जाऊन करायचं काय? परत येऊन बसायची.

त्या उन्हाळ्यात ह्यांनी जिनिंगची जीप मागून आणली आणि दुधना नदीच्या कोरड्या पात्रात वाळूवर चालवायचा सराव केला. चाकांतली हवा अर्धी सोडली की गाडी वाळूत रुतत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी शेजारी बसले होते. समोरचं ह्यांना स्वच्छ दिसत होतं. पल्याडच्या काठावरची टिटवी मला दिसायच्या आधी ह्यांनी दाखवली. आणि पुढच्याच क्षणी उजव्या हाताची बाभळ जीपला घासून गेली. ती ह्यांना दिसलीच नव्हती. गाडी बंद करून हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"नळीतून बघितल्यावानी दिसायलंय," म्हणाले. "आईला बोलू नको."

सासूबाईंना डोळ्यांचं अर्धवटच सांगितलं होतं. पोरगा कामासाठी परदेशी चाललाय एवढं त्यांना पुरेसं होतं. पासपोर्टचा अर्ज गेला आणि त्याच सुमाराला हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो. आनंद सगळ्यांना झाला, मलाही झाला. पण कागद हैदराबादेत आणि साहेब मुंबईत, अशी आमची गत झाली. मार्गशीर्ष निम्मा सरला तरी उत्तर नाही. पुढं पौष लागत होता आणि पौषात निघायचं नसतं. सासूबाईंनी मुहूर्त काढून आणला आणि प्रस्थान ठेवलं.

आमच्याकडे मुहूर्त आधी आला आणि निघणं नंतर असलं, की प्रवाशाची एखादी वस्तू कापडात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवतात. म्हणजे माणूस निघालाच असं धरतात. सासूबाईंनी ह्यांचं धोतर, सुपारी आणि हळकुंड बांधून दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या देवळीत ठेवलं. त्या दिवसापासून 'तो घरात हाय' हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नाहीत. जेवायला बोलवायचं तर नुसतं ताट वाजवायच्या. मी त्यांची थट्टासुद्धा केली.

पौषातच एका दुपारी पासपोर्टच्या चौकशीला साध्या कपड्यांतला पोलीस शिपाई आला. हे जिनिंगमध्ये, मी बाजारात. घरी सासूबाई एकट्या.

"पोरगा कुठाय, म्हातारे?"

"गेला की."

"कुठं?"

"आफ्रिकेला."

शिपायानं दोनदा विचारलं म्हणे, त्यांनी दोनदा तेच सांगितलं. घरात आहे म्हणाल्या असत्या तर त्यांच्या लेखी प्रस्थान मोडलं असतं आणि पोराच्या वाटेला अपशकुन झाला असता. शिपाई गेल्यावर त्यांनी मला मोठ्या समाधानानं सगळं सांगितलं. चौकशीचा शिपाई होता हे त्यांना कळलं नव्हतं आणि मीही व्यापाऱ्याकडचा कुणी असेल म्हणून सोडून दिलं. ती चूक माझी.

होळीला आठ दिवस असताना पत्र आलं. अर्जदार देश सोडून गेल्याचे चौकशीत आढळले, सबब प्रकरण बंद. हे तसेच ठाण्यात गेले.

"साहेब, मी हितं तुमच्या म्होरं उभा हाय."

तिथला लिहिणारा मुंशी वाईट माणूस नव्हता. त्यानं रजिस्टर काढलं, ह्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टरकडे पाहिलं. "कागदावर तुमी गेलाव," म्हणाला. "आता नवी दरखास्त करा."

नवा अर्ज केला. जन्माचा दाखला उर्दूत, त्याचं मराठी करून आणा. मराठी केलं, तर मूळ कागद हैदराबादेत. मी परभणीला चार खेपा घातल्या, एका कारकुनाच्या टेबलावर हात आपटला, एकाच्या पाया पडले. पाया पडल्याची मला आजही लाज वाटत नाही. बोट गेली. बुलावायोहून पत्र आलं, पुढच्या बोटीनं या, लॉरी ठेवलीय. आषाढ लागला. हे रोज सकाळी ओसरीत उभे राहून समोरचा लिंब किती दिसतो ते बघायचे. आधी फांद्या गेल्या, मग बुंधा. मी आत चुलीपाशी देवाला शिव्या द्यायची, अगदी नाव घेऊन.

पासपोर्ट आला तेव्हा भादवा संपत आला होता. दारातला उजेड तेवढा ह्यांना कळत होता. मी तो हातात दिला. ह्यांनी कव्हरावरच्या अशोकस्तंभावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हे सिंह हायत ना?"

"हायत."

मग पासपोर्ट माझ्याकडे दिला आणि हळूच म्हणाले, "हे आलंय म्हणून आईला सांगू नको. तिच्यामुळं हुकलं असं तिला वाटंल. म्हातारी जीवाला लावून घेईल."

मी हो म्हणाले. काय सांगणार होते? होळीच्या आधी ते पत्र आलं त्याच दुपारी, हे ठाण्यात गेलेले असताना, मी सासूबाईंच्या पुढ्यात उभी राहून म्हणाले होते, "तुमच्या पोराचे डोळे तुमी घेतलाव, आत्याबाई." त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं; आधी उपास म्हणायच्या, आणि ह्यांची नजर गेल्यावर ह्यांना वाढून समोर स्वतःचंही ताट मांडायच्या, पण त्यात काही घ्यायच्या नाहीत. ह्यांना वाटायचं, आई आपल्याबरोबर जेवतेय.