खंडेनवमीची काडतुसं

आमच्या घराण्यात गेल्या सात पिढ्यांत डास आणि ढेकूण सोडून कुणी कशाचीही शिकार केलेली नाही. तरीही २०१० साली कॅनडातल्या किचनर गावातल्या आमच्या बेसमेंटमध्ये एक रायफल होती, आणि ती माझी होती.

हे सगळं शेजारच्या वॉल्टरमुळे झालं. वॉल्टर म्हणजे सत्तरीचा रिटायर्ड मशिनिस्ट. दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जायचा आणि उरलेलं वर्ष नेमबाजीच्या रेंजवर कागदाला भोकं पाडायचा. एकदा तो मला रेंजवर घेऊन गेला, आणि मी कामातूनच गेलो. (मेलेलं हरीण बघायची माझी छाती नाही. कागद ठीक आहे. कागद तडफडत नाही.)

लायसन्स काढलं. मग रायफल निवडायला बसलो. सॉफ्टवेअरवाला माणूस दुकानात जाऊन 'ही द्या' म्हणत नसतो. मी एक्सेल शीट केली. वजन, नळीची लांबी, धक्का किती बसतो, लाकडी दस्ता की प्लास्टिकचा... चौदा कॉलम! सात महिने!

"मला बघायला आलात तेव्हा किती वेळ लागला होता हो?" बायकोने, म्हणजे वैशालीने, विचारलं.

"वीस मिनिटं."

"त्यातली दहा पोहे खाण्यात गेली," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

रायफल आली, तर काडतुसं निवडायची वेळ आली. वॉल्टर म्हणाला, दुकानातली सगळ्यांसाठी एकसारखी असतात, आपल्या रायफलीला काय मानवतं ते आपणच बनवून बघायचं. झालं! वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची (तिच्यावर खिळ्याचा ठोका पडला की ठिणगी), आत मोजून दारू, वर गोळी. वजनकाट्यावर दारूचा एक कण जास्त पडला तर मी चिमट्याने उचलायचो. वरच्या स्वयंपाकघरात वैशाली साबुदाण्यात मीठ मुठीने टाकायची आणि ते बरोबर पडायचं, ही गोष्ट मला फार झोंबायची.

एवढं करून माझा नेम लागत नव्हता. दोष रायफलीचा नव्हता, काडतुसांचाही नव्हता. बार उडायच्या ऐन क्षणी मी डोळे मिटून खांदे आवळायचो. "यू फ्लिंच!" वॉल्टर ओरडायचा. "बार कधी उडणार ते तुलाच कळता कामा नये!" आता चाप मी ओढणार आणि मलाच कळणार नाही, हे कसं जमायचं?

रेंजच्या क्लबात माझं ते वर्ष उमेदवारीचं होतं. सीझनच्या शेवटच्या स्पर्धेत वीस गोळ्या सुरक्षितपणे झाडायच्या आणि दोनशेपैकी किमान दीडशे मार्क मिळवायचे, तर पक्का मेंबर. नाहीतर राम राम. माझा तोवरचा उच्चांक होता एकशे अठरा. आणि शिफारस वॉल्टरची होती. माझ्यासाठी त्याने शब्द टाकला होता, त्यामुळे माझ्यापेक्षा त्याचीच झोप उडाली होती.

स्पर्धा होती रविवारी, नेमकी दसऱ्याला. आणि नागपूरहून सासूबाई आल्या होत्या.

शनिवारी खंडेनवमी. आमच्याकडे दरवर्षी लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि स्नो शोव्हल यांची पूजा होते. सासूबाईंनी पाटाकडे पाहिलं.

"जावईबापू, घरात खरंखुरं शस्त्र असून तुम्ही फावड्याची पूजा करून राहिले?"

"आई, ती कुलपात असते."

"मग काढा ना बापा! वर्षातून एक दिवस तं येते."

मला काय, निमित्तच हवं होतं! रायफल काढली. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, वेगळा, चापाला कुलूप, सगळं कायद्याप्रमाणे. पाटावर ठेवली. शेजारी काडतुसांचा डबा उघडून ठेवला. डब्यात काडतुसं उभी असतात, बुडं वर. पन्नास लखलखीत पितळी बुडं, आणि प्रत्येकाच्या बरोबर मधोमध टोपीचा गोल. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, म्हणून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. डोळा पाटावर होता, पण लक्ष क्लायंटकडे. पाच मिनिटांनी भानावर येऊन बघतो तर सासूबाईंनी पन्नासच्या पन्नास टोप्यांना एकेक ओलं हळदकुंकू लावलं होतं! रायफलीवर झेंडू, आणि वरून अक्षतांचा पाऊस.

"कशी सवाष्णीसारखी दिसून राहिली, नाही?" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

मी रुमाल काढला.

"अरे बापा! कुंकू पुसता? माझ्या लेकीसमोर?"

रुमाल खिशात गेला. म्हटलं, उद्या रेंजवर गुपचूप पुसू.

पण गुपचूप कसलं! शेवटच्या स्पर्धेला सगळ्यांच्या घरचे येतात, पॉटलक असतो. वैशालीने परातभर चिवडा घेतला. सासूबाई माकडटोपी घालून, दोन ब्लँकेटं गुंडाळून, माझ्या टेबलामागेच घडीच्या खुर्चीत बसल्या. पुसायची सोयच उरली नाही.

शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा माझ्या डब्यात डोकावला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "टोप्यांना सीलर लावलंस? दमट हवा म्हणून? फार कमी लोक एवढी मेहनत घेतात." (तसलं लाल लाखेसारखं काहीतरी खरंच मिळतं, हे मला त्या क्षणी कळलं.)

"हो ना," मी म्हणालो. "इम्पोर्टेड आहे."

पाच मिनिटांत सहा म्हातारे जमले. कुठं मिळतं? वाळायला किती वेळ लागतो? एकाने तर ब्रँडचं नाव लिहून घ्यायला पेन काढलं! माझी कॉलर ताठ होत चालली होती, तेवढ्यात रेंज ऑफिसर डोनाबाई तपासणीला आल्या. या बाईंपुढे कडक थंडीसुद्धा अदबीने वागते. त्यांनी माझी रायफल उचलली, आत टॉर्च मारला, बारीक सळी घालून काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं.

"इज दिस... राइस?"

"येस."

"यलो राइस?"

"टर्मरिक," मी कसाबसा बोललो. सहाही म्हातारे आता माझ्या डब्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मग काय करणार! सगळं सांगितलं. खंडेनवमी, पाट, सासूबाई, हळदकुंकू. माझ्या इंग्रजीत ते आणखीच भयंकर वाटत होतं. डोनाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "रायफल पूर्ण साफ कर. वीस काडतुसं पुसून मला एकेक दाखव. वीस मिनिटं आहेत. जमलं नाही तर तू बाद." दुसऱ्या कुणाची काडतुसं उसनी घेता येत नाहीत, हा तर रेंजचा पहिला नियम.

वॉल्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी रुमाल काढला.

"जावईबापू!" मागून आवाज आला. "काल सांगितलं ना?"

पुढे डोनाबाई, मागे सासूबाई! एक म्हणते पूस, दुसरी म्हणते पुसू नको! मला रडायलाच यायला लागलं. शेवटी वैशाली चिवड्याची परात ठेवून धावत आली.

"आई, उत्तरपूजा करून टाक ना! मग पुसलं तर चालतं."

"हे आधी काहून नाही सांगितलं?" सासूबाई ब्लँकेटं सोडून उठल्या आणि पर्समध्ये हात घातला. तिथे अक्षतांची पुडी होती!

"अक्षता नको!" मी, वैशाली आणि वॉल्टर एकदम ओरडलो. (वॉल्टरला मराठी येत नाही. पण पुडी त्यालाही ओळखता आली.)

सासूबाईंनी नुसत्या हातानेच डबा हलवला, पुटपुटल्या, नमस्कार केला. आणि काय सांगू, डोनाबाईंनी डोक्यावरची टोपी काढली! वॉल्टर म्हणाला, "आमच्या गावात लहानपणी शिकारीच्या आधी पाद्री बंदुकांवर पाणी शिंपडायचा. फक्त आम्ही नंतर पुसायचो." मग तो बसला, वैशाली बसली, ते म्हातारेही बसले, आणि सगळ्यांनी मिळून माझी काडतुसं पुसली. डोनाबाईंनी वीसही उजेडात फिरवून बघितली आणि मान हलवली.

मी टेबलाशी बसलो. मनात एकच गोष्ट पक्की होती, की यातलं एकही उडणार नाही. रात्रभर ओलं कुंकू बसलंय त्या टोप्यांवर! आता नुसतं 'टक' होईल, सगळे हसतील, आणि मी घरी जाईन. बार उडणारच नाही म्हटल्यावर खांदे कशाला आवळायचे? मी आरामात चाप ओढला.

धाड्!

मी एवढा दचकलो! पण दचकलो तो गोळी गेल्यावर. पहिलं उडालं, पण दुसरं काही उडत नाही, असं म्हणून दुसरं ओढलं. धाड्! तिसरं नक्कीच... धाड्! वीसच्या वीस वेळा माझी खात्री खोटी ठरली.

कागद आले. डोनाबाईंनी दोनदा मोजलं. एकशे ब्याऐंशी! वॉल्टरने मला उचललंच. सत्तरीच्या माणसाने! "यू डिडन्ट फ्लिंच! एकदाही नाही!" तो अक्षरशः रडत होता आणि मलाही भरून आलं. म्हाताऱ्यांनी चिवड्याची परात साफ केली. सासूबाईंनी डोनाबाईंच्या हातात नागपूरहून आणलेलं आपट्याचं पान ठेवलं, "घ्या बाई, सोनं घ्या," आणि त्यांनी ते टोपीत खोचलं.

मेंबरशिपचा फॉर्म आला. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात सही करायला वॉल्टरने पेन उघडलं, थांबला, आणि फॉर्म सासूबाईंपुढे सरकवला. "आजचा मान तुमचा," म्हणाला.

सासूबाई हरखून गेल्या. चष्मा लावला. "वैशू, काय लिहिलं आहे गं यात?"

"आई, लिहिलंय की हा माणूस जबाबदार आहे, आणि आपण काय करतोय ते याला नीट कळतं, याची मी खात्री देते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फॉर्मकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि ते वॉल्टरला परत दिलं.

"तुम्हीच करा भाऊ," त्या म्हणाल्या. "सणासुदीच्या दिवशी मी खोट्यावर सही नसते करत."