जावयाला हुकूम

पुढून नांगराचा दोर सुटत होता, मागून धरणाच्या दगडी पायऱ्या जवळ येत होत्या, आणि सुकाणूवर उभे असलेले टिपणीस आपल्या जावयाला विनंती करत होते.

“रोहितराव, जमलं तर जरा दोर धरता का? म्हणजे हाताला लागणार नाही अशा बेतानं...”

वाक्य पुरं व्हायच्या आत बोटीचा मागचा कोपरा पायरीवर आदळला. तिथे दोरी घेऊन वाकलेल्या मंगलाताईंना, म्हणजे टिपणीसांच्या पत्नीला, मी खांद्याला धरून मागे ओढलं म्हणून त्यांचा हात दगड आणि बोट यांच्यात सापडला नाही. एक हिरवी बांगडी मात्र फुटली. काठावर बसलेला रामसेवक, माझा नावाडी, शांतपणे म्हणाला, “लो, ठुक गई.”

मी म्हणालो, “उतरा सगळे. आजचं झालं.”

मी नेव्हीत सीमनशिप इन्स्ट्रक्टर होतो. दोर, नांगर, बोट हाताळणं हे पोरांना शिकवायचं, आणि ती चुकली की ओरडायचं. दुसऱ्या कामात मी जास्त चांगला होतो. निवृत्त झाल्यावर झाशीत परतलो, कारण घर इथलं. आठ-दहा पिढ्या इथेच गेल्या. झाशीत समुद्र नाही, हे मला सांगायला लोक फार उत्सुक असतात. पण बेतवा नदीवर धरणं आहेत, पूरही येतात, आणि पुरात बोट चालवणाऱ्या पथकांना कोणीतरी शिकवावं लागतं. ते काम मी करतो.

टिपणीस माझ्याकडे आले ते दसऱ्याच्या सुमारास, काखेत जाडजूड फाइल घेऊन. घराणं गुरसरायकडचं, पण जन्म गेला इथल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात, टेस्टिंग विभागात. तयार झालेल्या ट्रान्सफॉर्मरवर मुद्दाम प्रचंड व्होल्टेज सोडायचं आणि तो टिकतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांची चौकशी करतात. हे गृहस्थ दोन हिवाळे मुंबईला जाऊन शिडाची बोट चालवायला शिकले. वर्गातली बाकीची मुलं विशीतली. परवाना मिळवला, रेडिओची परीक्षाही दिली.

आता त्यांना मे महिन्यात ग्रीसला जाऊन ‘बेअरबोट’ भाड्याने घ्यायची होती. बेअरबोट म्हणजे नुसती बोट. कप्तान नाही, खलाशी नाही. किल्ली तुमच्या हातात, पुढचे सात दिवस तुम्ही आणि तुमचं नशीब. बारा मीटर लांबीची बोट. माणसं चार: स्वतः, मंगलाताई, मुलगी केतकी आणि जावई रोहित.

“कागद सगळे आहेत,” फाइल उघडत ते म्हणाले. “एकच अडलंय. बाकीच्या तिघांना बोटीवर काम येतं, असं कोणा जाणत्यानं लिहून द्यायला हवं. नाहीतर कंपनी पगारी कप्तान बसवते.”

“मग बसवू दे की. तुम्ही आरामात बसा.”

“बिवलकर, छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू तपासली. ठीक आहे, ठीक नाही, एवढंच लिहिलं. एकदा काहीतरी स्वतः चालवून बघायचंय. कप्तान बसवला तर मी सरळ तिकिटं रद्द करीन.”

ते पत्र मी द्यायचं की नाही, हा प्रश्न असा माझ्या गळ्यात पडला.

तयारी मात्र बघण्यासारखी होती, हे कबूल करतो. कॉलनीच्या मैदानावर त्यांनी चुन्याने खऱ्या मापाची बोट आखली होती. नवरा-बायको दोघं आपापल्या जागी उभी राहत आणि नसलेला नांगर टाकत. येणारेजाणारे स्कूटर थांबवून बघत. मंगलाताई पडद्याच्या दांडीवर गाठी मारायला शिकल्या; त्यांची गाठ माझ्या अर्ध्या रिक्रूटांपेक्षा बरी होती. बिजौलीतल्या एका फॅब्रिकेटरकडून टिपणीसांनी चित्र दाखवून सरावाचा नांगर वेल्ड करून आणला. तो त्यांना चारदा विचारत होता, “बाबूजी, ये कौन से ट्रैक्टर में लगेगा?” बोट ताब्यात घेताना काय काय तपासायचं, याची त्यांची यादी पाण्याच्या टाकीपासून संडासाच्या पंपापर्यंत होती. मी तीत चूक शोधायला बसलो, आणि एकही सापडली नाही म्हणून जरा हिरमुसलो.

पण चुन्याच्या बोटीला वारा लागत नाही. जानेवारीत केतकी आणि रोहित पुण्याहून पंधरा दिवसांसाठी झाशीत आले. लॅपटॉप घेऊनच आले होते. सुट्टीच्या दिवशी मी चौघांना धरणावर नेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शीड उभारून जाणं त्या मानाने सोपं. खरी कसोटी बोट लावताना. ग्रीसमधल्या बंदरांत बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. जागा कमी, म्हणून पाठ धक्क्याकडे करतात. लांबूनच पुढचा नांगर सोडायचा, बोट उलटी मागे घेत राहायची, नांगराच्या माणसानं नेमक्या क्षणी दोर धरायचा म्हणजे बोट थांबते, आणि मग मागच्या दोन माणसांनी डावी-उजवी दोरी धक्क्याला बांधायची. चार माणसांना चार कामं. एकानं दोन सेकंद उशीर केला की ठोकर. आमच्याकडे माझी छोटी ॲल्युमिनियमची बोट होती, पण धडा तोच.

नांगरावर रोहित होता. अंगाने मजबूत, मन लावून शिकणारा मुलगा. अडचण त्याची नव्हती. अडचण अशी होती की तो जावई होता.

बुंदेलखंडात जावयाच्या पाया पडतात. जावयाने सासऱ्याच्या नव्हे, सासऱ्याने जावयाच्या. आमची मराठी घरं इथे इतकी मुरली की ही चाल आम्हीही उचलली. रोहित पुण्याचा, टिपणीस वाकले की तो बिचारा विंचू दिसल्यासारखा पाय मागे घेई. पण टिपणीस कधी चुकले नाहीत. ज्याच्या पाया पडायचं त्याला ‘धर’ म्हणून ओरडायचं कसं? म्हणून ती विनंती, आणि म्हणून ती बांगडी.

सगळे पायऱ्यांवर बसले. मंगलाताईंनी बांगडीचे तुकडे रुमालात बांधले.

“पत्र मी देणार नाही,” मी म्हणालो.

“जागा बदलून बघू,” केतकी म्हणाली. “नांगरावर मी जाते.”

बदलून पाहिल्या. आता रोहित मागच्या दोरीवर आला आणि ‘रोहितराव, तेवढी दोरी’ सुरू झालं. मग रोहितला सुकाणूवर उभं केलं. तो सासऱ्यांना म्हणाला, “बाबा, तुम्हाला वेळ असेल तर...” बोट पुन्हा लागली. चार माणसांच्या बोटीवर जावयाला ठेवायला पाचवी जागा नसते.

मी चिडलो. “टिपणीस, हे धरणाचं साचलेलं पाणी आहे! तिथे वारा असेल, शेजारी लोकांच्या लाखमोलाच्या बोटी असतील. आज बांगडी गेली, उद्या बोटं जातील. एक शब्द ओरडता येत नाही तुम्हाला?”

“दामाद से ऐसें थोड़े कई जात, बाबूजी,” रामसेवकाने मध्येच त्यांची बाजू घेतली. जावयाला असं बोलत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

टिपणीस मान वर करून म्हणाले, “तुमच्या फाटकाचा खांब कोणी पाडला, बिवलकर?”

हा घाव वर्मी होता. आदल्या दिवाळीत माझे जावई गाडी रिव्हर्स घेत होते. मी शेजारीच उभा होतो, डोळ्यांदेखत खांब जवळ येत होता, आणि मी म्हणालो होतो, “जावईबापू, थोडं सांभाळून बरं का.” खांब अजून कललेलाच आहे. नेव्हीत माझ्या आवाजाने पोरं दचकायची.

“ते वेगळं,” मी म्हणालो.

“कसं?”

उत्तर चुकवायचं म्हणूनच मी विचारलं, “तुमच्या टेस्टिंगमध्ये साहेब लोक आत यायचे ना? चुकून धोक्याच्या बाजूला गेले, तर काय म्हणायचात? ‘साहेब, कृपया’?”

“छे! तिथे साहेब कोण! तिथे पॅनल, गेट, अर्थिंग. जो जिथे उभा, ते त्याचं नाव. आणि ‘बंद’ म्हटलं की बंद. झाडूवाल्याने म्हटलं तरी बंद. आधी बंद करायचं, कारण नंतर विचारायचं.” एवढं बोलून ते स्वतःच चमकले. मग फाइल उचलून म्हणाले, “एक आठवडा द्या.”

आठवड्याने ते एक कागद घेऊन आले. त्यावर चार जागा होत्या: नांगरापाशी पुढा, मागे डावी आणि उजवी, आणि सुकाणू. खाली सहा शब्द: सोड, धर, ओढ, बांध, पुरे, बंद. नाव नाही, नातं नाही. ज्याला हुकूम मिळेल त्याने तोच शब्द मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे ऐकू गेलं ते कळतं. आणि ‘बंद’ हा शब्द कोणीही, कोणालाही म्हणू शकतो.

“आणि मानपानाचं काय?” मी विचारलं.

“त्याचीही सोय केलीय.”

पायऱ्यांपाशी पोचल्यावर टिपणीसांनी चपला काढल्या आणि सगळ्यांसमोर वाकून रोहितच्या पायांना हात लावला. या वेळी रोहितने पाय मागे घेतले नाहीत. “दिवसभराचा मान इथे देऊन झाला,” टिपणीस म्हणाले. “बोटीवर आता काही शिल्लक नाही.” आणि लाइफ जॅकेट चढवून ते सुकाणूवर गेले.

मी हसलो नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. लोक रीत मोडतात किंवा रीतीखाली दबतात. या माणसाने तिला उभं राहायला जागा दिली आणि स्वतःचं काम मोकळं करून घेतलं.

त्या दिवशी वारा चांगला होता. “पुढा, सोड!” “सोड!” नांगर गेला. बोट मागे येऊ लागली. टिपणीसांचा आवाज सुरुवातीला कापला, पण शब्द वेळेवर आला. “पुढा, धर!” “धर!” बोट पायरीपासून हातभर अंतरावर थांबली. “डावी, बांध! उजवी, बांध!” मंगलाताई आणि केतकीने एकदमच बांधलं. सहा वेळा केलं, सहाही वेळा ठोकर नाही. रामसेवक बिडी पेटवायची विसरला.

तरी मी पत्र दिलं नसतं. हुकूम देणारे मी खूप पाहिलेत. मी दुसऱ्या गोष्टीची वाट बघत होतो, आणि ती ठरवून घडवता येत नाही.

ती परत निघताना घडली. टिपणीसांनी इंजिन वाढवलं, बोट पुढे धावली. सूर्य समोर, पाणी चकाकत होतं. मलाही काही दिसलं नाही. पुढे उभा असलेला रोहित अचानक ओरडला, “सुकाणू, बंद!”

“बंद!” टिपणीसांनी इंजिन बंद केलं. का, कशाला, कुठे, काही विचारलं नाही. मान वळवायच्या आधी हात वळला होता.

समोर चार हातांवर, पाण्याखाली बुडत-वर येत, रिकाम्या बाटल्यांची माळ होती. कोळ्यांचं जाळं. ते पंख्यात गुंडाळलं असतं तर इंजिन बसलं असतं आणि वाऱ्याने आम्हाला सांडव्याच्या खडकांवर नेलं असतं.

रोहित गोरामोरा होऊन म्हणाला, “सॉरी बाबा, मी ओरडलो.”

“सॉरी काय! शंभरदा ओरडा. ओरड,” टिपणीसांनी स्वतःला सुधारलं. “किनाऱ्यापर्यंत ओरड.”

मंगलाताई डोळे पुसत हसत होत्या. काठाला लागताच मी पत्र लिहून दिलं, त्यांच्याच फाइलवर कागद ठेवून.

मे महिन्यात ग्रीसहून केतकीचा फोन आला. पहिल्या दिवशी कंपनीचा माणूस बोटीवर चढला होता. पगारी कप्तान बरोबर घेऊनच आला होता, कारण झाशी कुठल्या समुद्रावर आहे ते त्याला नकाशात सापडलं नव्हतं. त्याने आडव्या वाऱ्यात बोट लावून दाखवायला सांगितली. त्याआधी धक्क्यावर एक वयस्क माणूस तरुण माणसाच्या पाया पडला, हे बघून तो बावचळला. मग बोट पहिल्या फटक्यात लागली. कप्तान धक्क्यावर उतरला, आणि सात दिवस टिपणीसांनी बोट स्वतः चालवली. परत देताना तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

“बाबा कुठे आहेत?” मी विचारलं.

“रोहितला ओरडतायत,” ती म्हणाली. “तो खुशीत आहे.”

गेल्या महिन्यात माझे जावई आले. निघताना गाडी रिव्हर्स घेऊ लागले. मी आधीच ठरवलं होतं. दाराशी त्यांच्या पाया पडलो, मान देऊन मोकळा झालो, आणि फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दुसरा, सरळ असलेला खांब जवळ येऊ लागला. मी छाती भरून श्वास घेतला. एकच शब्द म्हणायचा होता.

“जावईबापू,” मी म्हणालो, “जमलं तर थोडं...”

आता दोन्ही खांब एकसारखे कललेत. शिकवणं माझा धंदा आहे; शिकणं टिपणीसांना येतं.