निंबाची झोप आणि माझी सही

मी निंबाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, हवा भरली, आणि आकडा वाचेपर्यंत तो खुर्चीतच झोपला होता. घोरतसुद्धा होता. दोनदा हाक मारली तेव्हा दचकून उठला, सॉरी म्हणाला. बीपी बरंच वाढलेलं होतं.

अंबडच्या एका कंपनीत मी तेव्हा मेडिकल ऑफिसर होते. म्हणजे दवाखाना आतच, पेशंट फक्त कामगार. निंबा देवरे मूळचा नामपूरचा, वय बेचाळीस, स्टोअरमध्ये माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी चालवायचा. थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी संपवून, घरी जायच्या आधी तपासणीला आला होता.

झोप का होत नाही, हे विचारताना मी नेहमीच्या गोष्टींपासून सुरुवात करते. चहा किती? पाळीत सात-आठ कप. तंबाखू? आहे. मोबाइल? घरी गेल्यावर तासभर. झोपायची जागा? पंचवटीत भाजीबाजाराला लागून एक खोली, वर पत्रा. दिवसा बाहेर गाड्यांचे हॉर्न आणि आत दोन मुलांचा अभ्यास.

"पडतो मॅडम," तो म्हणाला, "पण उठल्यावर वाटतं, झोपलोच नाय."

हे वाक्य मला खटकलं. नुसत्या गोंगाटानं झोप मोडणारा माणूस असं बोलत नाही. मी त्याला बायकोला घेऊन यायला सांगितलं. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ठाऊक नसतं, शेजारी झोपणाऱ्याला असतं.

सुनंदा दोन दिवसांनी आली. काउंटरपलीकडे उभी राहूनच बोलत होती, तिला मी बसवलं. मग तिनं सांगितलं. "यांचा श्वास थांबतो. मी मोजत बसते. मग एकदम मोठा ओढतात, जसं पाण्यातून वर आलेत. लय भीती वाटते."

याला आम्ही स्लीप अ‍ॅप्निया म्हणतो. झोपेत घसा ढिला पडून श्वासाची वाट बंद होते, आणि गुदमरू नये म्हणून मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. असं एका झोपेत शेकडो वेळा होऊ शकतं, त्याला आठवत एकदाही नाही. चहा सोडून हे जात नाही. आधी टेस्ट करावी लागते, मग बहुतेकांना तोंडावर मास्क लावून हवा देणारं मशिन लागतं.

मी एचआर मॅनेजरना फोन केला. टेस्टसाठी निंबाला दोन दिवस सुट्टी द्या, रिपोर्ट येईपर्यंत फोर्कलिफ्टवर बसवू नका, थर्ड शिफ्ट देऊ नका. शिवाय आपल्याकडे पाळ्या दर आठवड्याला उलट्या फिरतात, तिसरीनंतर दुसरी, मग पहिली. शरीराला हे सर्वात जड जातं. सरळ फिरवल्या तर सगळ्यांनाच बरं पडेल.

ते हसले. "मॅडम, एकाला सोडलं तर उद्या शंभर जण घोरायला लागतील." सुट्टीचं काय ते मालाचं डिस्पॅच संपल्यावर बघू, असं म्हणाले. मग त्यांनीच सुचवलं, तुम्ही झोपेवर एक छान सेशन घ्या ना, सगळ्यांना फायदा होईल.

मी हे लेखी दिलं नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं आणि ते माझ्याशी नेहमी गोड बोलायचे. दुसरं कारण मला आजही सापडलेलं नाही.

सेशन मात्र मी मन लावून घेतलं. कॅन्टीनमध्ये स्लाइड लावल्या. पाळीच्या उत्तरार्धात चहा नको, खिडकीला जाड पडदा लावा, झोपायची वेळ शक्यतो एक ठेवा. उलट्या पाळ्यांत वेळ एक कशी ठेवायची, हे कोणी विचारलं नाही. शेवटची स्लाइड होती: 'झोप येत असेल तर मशिन चालवू नका, सुपरवायझरला सांगा.' टाळ्या वाजल्या. हजेरीपत्रकावर सगळ्यांनी सह्या केल्या, खाली मी केली. निंबा तिसऱ्या रांगेत होता. अर्धा वेळ तो झोपलेला होता, हे मी पाहिलं होतं.

तीन आठवड्यांनी, थर्ड शिफ्ट सुटायला अर्धा तास उरला असताना, फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये माल चढवायच्या डॉकच्या कडेवरून खाली गेली. निंबाचा उजवा पाय तिच्याखाली आला. मी पोचले तेव्हा त्याला हॉस्पिटलला हलवलं होतं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चौकशीत मला बोलावलं. चौकशी अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर हजेरीपत्रक आणि शेवटच्या स्लाइडची प्रिंट ठेवली.

"ही सही तुमची?"

"हो."

"ही सूचना कामगाराला दिली होती?"

"दिली होती. पण त्याला फोर्कलिफ्टवर बसवू नका, असंही मी सांगितलं होतं."

"लेखी आहे?"

एचआर मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते. मी नाही म्हणाले. माझ्या म्हणण्याची नोंद 'तोंडी उल्लेख, पुरावा नाही' अशी झाली. रिपोर्टमध्ये आलं, की कामगाराला झोपेबाबत रीतसर प्रशिक्षण देऊनही त्यानं निष्काळजीपणा केला. निंबाला पुढे राजीनामा द्यायला लावला. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं.

निंबाची टेस्ट झाली ती या सगळ्यानंतर. आजार तीव्र निघाला. आता मशिन लावतो. विम्यासाठी माझं सर्टिफिकेट हवं म्हणून कुबड्या घेऊन आला तेव्हा मी झोपेचं विचारलं.

"लागते ना, मॅडम. लय चांगली लागते," तो म्हणाला. "आता उठून जायचं कुठं, तेवढं सांगा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. कंपन्या अजून झोपेवर बोलायला बोलावतात. मी आधी पाळ्यांचं वेळापत्रक मागते. बहुतेक जण ते पाठवत नाहीत. जे पाठवतात, त्यांना काय बदलायचं ते मेलवर कळवते आणि कॉपी स्वतःकडे ठेवते. पडद्यांचं आणि चहाचं त्यानंतर बोलते.